आई गेली, तिला कधी काही बोललोच नाही. आता तिची आठवण कशी जपू, आणि जे आहेत त्यांना कसं सांगू?

तुम्ही लिहिलंय की आईला जाऊन सहा महिने झाले, तिने जे केलं त्याबद्दल तुम्ही तिला कधी एक शब्दही बोलला नाहीत. श्राद्धपक्षावर विश्वास नाही, मग आठवण ठेवायची कशी. आणि वडील, बहीण आहेत, पण 'आमच्या घरात असं बोलायची सवयच नाही.'

हे शेवटचं वाक्य माझ्याही घराचं आहे, म्हणून लिहायला बसले.

आधी एक. आईचा नंबर फोनमधून काढू नका. काढावासा वाटेल असा एक दिवस येतो. माझ्या वडिलांचा, आप्पांचा नंबर अजून माझ्याकडे आहे.

आम्ही अमळनेर तालुक्यातले, कोरडवाहू शेतीवाले. खानदेशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात आणि तिचा थाट दिवाळीइतका असतो. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, चुलीवर खापर पालथं घालून त्यावर हातभर मोठी पुरणपोळी टाकतात. त्याच दिवशी पितरांचीही आठवण असते. मातीचं डेरगं पाण्याने भरायचं, त्यावर लहान मडकं, त्यावर खरबूज, आंबे, सांजोरी. आणि या सगळ्याच्या आधी, सकाळी, आई उंबरठ्याशी बसते. उंबरठा धुऊन पुसून घेतलेला असतो. ती कुंकवात बोट बुडवते आणि घरातल्या गेलेल्या एकेका माणसाचं नाव घेत उंबरठ्यावर एकेक बोट उमटवत जाते. लहानपणी मला ती नक्षी वाटायची. तिच्यावर पाय पडू नये म्हणून आम्ही दिवसभर उड्या मारत आत-बाहेर करायचो. जिवंत लेकी आणि गेलेली माणसं एकाच दिवशी, एकाच उंबरठ्यावर घरी येतात, हे मला फार उशिरा उमगलं.

आप्पा डिसेंबर २०१९ मध्ये गेले. आजार मोठा नव्हता, तीन दिवसांत आटोपलं. मी पुण्याहून पोचले तेव्हा बोलणं संपलेलं होतं.

आता आप्पांचं सांगते. मी शिकायला पुण्याला निघायचे तेव्हा ते मला एसटी स्टँडवर सोडायला यायचे. गाडी फलाटाला लागायच्या आधीच ते तिच्या बाजूने पळत जायचे आणि गळ्यातला पांढरा रुमाल खिडकीतून आत सीटवर टाकायचे. जागा धरली. मग मी चढून त्या रुमालावर बसायची आणि रुमाल त्यांना खिडकीतून परत द्यायची. पाच वर्षं, सुट्टी संपली की दर वेळी. त्यांच्या गुडघ्याचं दुखणं सुरू झाल्यावरही ते पळायचे. रुमालाला घामाचा आणि तंबाखूचा वास यायचा. मी एकदाही त्यांना म्हटलं नाही की आप्पा, नका पळू, मी उभी राहून जाईन. किंवा नुसतं एवढं की तुम्ही जागा धरता म्हणून मला प्रवासाची भीती वाटत नाही. रुमाल हातात देऊन मी 'येते' म्हणायचे. ते म्हणायचे, 'पोचली की फोन कर.' आणि रात्री फोनवर त्यांचा एकच प्रश्न, 'जेवनी का?' आमच्या अहिराणीतलं 'जेवलीस का?'. ही त्यांची माया होती आणि मी तिला 'हो' म्हणून फोन ठेवत होते.

त्यामुळे तुमची खंत मी समजू शकते. ती पूर्ण जात नाही, खोटं कशाला सांगू.

पुढची आखाजी २६ एप्रिल २०२० ला होती, ऐन लॉकडाऊनमध्ये. आप्पांची पहिली आखाजी आणि मी पुण्यात अडकलेली, आई गावी एकटी. कुंभाराकडचं डेरगं कुठून आणणार? मी तांब्या भरला, त्यावर वाटी, वाटीवर एक आंबा. खरबूज मिळालं नाही. व्हिडिओ कॉलवर आईने तिकडे आणि मी इकडे फ्लॅटच्या दाराशी बोटं उमटवायला घेतली. ती नाव सांगायची, मी बोट लावायची. आप्पा. आजोबा. आजी. पणजोबा. पाचव्या बोटाला ती म्हणाली, 'धुळेवाली.'

मी विचारलं, 'म्हणजे कोण?'

'तुझी पणजी. धुळ्याची होती.'

'नाव काय?'

आई थांबली. फोनवर मला तिचं कुंकवाचं बोट दिसत होतं, उंबरठ्यापासून चार बोटं वर, हवेत. मग ती म्हणाली, 'नाव कोणी सांगितलंच नाही. सगळे धुळेवालीच म्हणायचे.' आणि बोट टेकवलं.

जिने आमच्या आजोबांना वाढवलं, त्या बाईचं नाव घरात कुणालाच माहीत नव्हतं. आमच्याकडे सुनेला माहेरच्या गावावरूनच हाक मारतात, त्यात अपमान कुणाला वाटत नाही. पण गाव राहिलं आणि बाई गेली. त्या दिवशी मी ठरवलं की आपल्या माणसांविषयी जे काही कळायचं आहे ते ती आहेत तोवर विचारून घ्यायचं आणि जे म्हणायचं आहे ते आत्ताच म्हणायचं.

तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर एवढंच आहे: नाव घ्या, आणि एक नेमकी गोष्ट बोला. 'तुम्ही आमच्यासाठी खूप केलं' हे वाक्य आपल्या घरांत जड होतं. समोरचा माणूस अवघडतो, 'जाऊ दे' म्हणतो, आणि खरंच ते वाक्य कुणालाही लागू पडतं. नेमकी गोष्ट मात्र त्याच एका माणसाची असते.

माझे धाकटे काका. मी बारावी झाले त्या वर्षी कपाशी गेली होती आणि काकांनी गोठ्यातली एक गाय विकून माझी पहिली फी भरली होती. हे मला काकूने पुढे केव्हातरी बोलता बोलता सांगितलं होतं, आणि मी ते तसंच ठेवून दिलं होतं. लॉकडाऊनमधल्या त्या आखाजीनंतर दोन दिवसांनी मी काकांना फोन केला. आधी पाऊसपाणी झालं, बियाण्याचे भाव झाले. मग मी एका दमात म्हटलं, 'काका, तुम्ही गाय विकून माझी फी भरली होती ते मला माहीत आहे. ते मी रोज आठवते.' पलीकडे एकदम शांतता. मग काका म्हणाले, 'कोण म्हने तुला?' आणि लगेच, 'बरं, तिकडे पेशंट किती झाले?' संपलं. मला वाटलं, उगाच बोलले, त्यांना लाज आणली. संध्याकाळी काकूचा फोन आला. म्हणाली, काका दुपारभर ओट्यावर बसून होते आणि जो येईल त्याला सांगत होते, की पोरीला गाय आठवते.

काका एप्रिल २०२१ मध्ये कोरोनात गेले. तेव्हाही कुणाला जाता आलं नाही. १४ मे २०२१ च्या आखाजीला उंबरठ्यावर त्यांचं बोट वाढलं. पण आप्पांच्या बोटाशी मी जशी अडखळते, तशी काकांच्या बोटाशी अडखळत नाही. जे बोलायचं होतं ते बोलून झालं होतं.

श्राद्धावर विश्वास नसेल तर करू नका, आईला त्याचा राग येणार नाही. पण त्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते, ती म्हणजे नाव उच्चारणं. श्राद्धात वडील, आजोबा, पणजोबा आणि आई, आजी, पणजी अशा तीन तीन पिढ्यांची नावं घेतात. विधी नको असेल तरी नाव मोठ्याने घेता येतं. आम्ही आप्पांच्या अस्थी घेऊन नाशिकला रामकुंडावर गेलो होतो. तिथल्या गुरुजींनी आमच्या गावाची वही काढली. त्यात आजोबांची सही होती आणि पणजोबांचा अंगठा, शाई जरा पसरलेली. ते बघून भाऊ तिथेच रडला. पण पानभर पुरुषच. मी गुरुजींना म्हटलं, आईचं आणि माझंही नाव लिहा. त्यांनी काही न बोलता लिहिलं.

आमच्या जळगाव जिल्ह्यातल्याच बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या कामं करता करता जे म्हणायच्या ते त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि नात्यातल्या एकाने कागदावर उतरवून ठेवलं. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या आणि पुढच्या वर्षी त्या कविता छापून आल्या. मला यातला तो कागद घेऊन आईजवळ बसलेला मुलगा जास्त आठवतो.

तुम्हीही बसू शकता. वडिलांजवळ वही घेऊन बसा. 'बाबा, तुमचे माझ्यावर उपकार आहेत' असं म्हणू नका, ते उठून जातील. त्यांना विचारा, आई लग्न होऊन आली तेव्हा पहिल्या दिवशी काय झालं होतं. तिला माहेरी काय हाक मारायचे. कोणती भाजी तिला अजिबात आवडत नव्हती आणि तरी ती तुमच्यासाठी करायची. आमच्या आईने असं विचारल्यावर तासभर सांगितलं, आणि त्यात आप्पांचं असं काही होतं जे मला चाळीस वर्षं माहीत नव्हतं. आप्पा लग्नात घातलेला सदरा पुढे दर आखाजीला घालायचे, तो विरेपर्यंत. वडील सांगतील तेव्हा मध्ये बोलू नका. रडले तर रडू द्या, पाणी आणून द्या.

बहिणीला तर आजच फोन करा. आईच्या आजारपणात रात्री कोण जागलं, दवाखान्यात डबा कोण नेत होतं, यातली एखादी गोष्ट तिने केली असेल आणि तिचं नाव कुणी घेतलं नसेल. ती गोष्ट तिला तारखेसकट सांगा. मुलींच्या वाट्याला आलेलं हे काम घरात गृहीत धरलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि आईच्या नावाने काही करायचं असेल तर तिला जे करायला आवडायचं तेच करा. आप्पांना तहानलेलं माणूस बघवायचं नाही. आम्ही उन्हाळ्यात स्टँडबाहेर दोन रांजण ठेवतो, ओलं पोतं गुंडाळून. भाऊ रोज सकाळी भरतो. आप्पांचं नाव त्यावर लिहिलेलं नाही, भावालाच नको होतं. गाडी लागली की पोरं पळत येऊन पाणी पितात आणि पळत जाऊन खिडकीतून रुमाल, पिशव्या टाकतात.

पणजीचं सांगायचं राहिलं. दोन वर्षांपूर्वी माळ्यावरची भांडी खाली काढली, तेव्हा एक पितळी परात निघाली. तिच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं होतं. आईने चिंच लावून घासली. 'सौ. भा' एवढं दिसलं, पुढे परात कधीतरी फुटली होती तिथे डाग देऊन सांधलेली, आणि डागाच्या पलीकडे आडनाव. भागाबाई असेल, भागीरथी असेल, भामाबाई असेल. डाग खरवडून काही उपयोग नव्हता. आई बराच वेळ त्या दोन अक्षरांवरून बोट फिरवत होती. आता आखाजीला पाचव्या बोटाला ती 'धुळेवाली' म्हणत नाही. 'भा' म्हणते, जरा थांबते, आणि बोट टेकवते.

हल्ली रात्री मीच फोन करते. पहिला प्रश्न माझाच असतो, 'जेवनी का वं माय?' काल तिने मेथीची भाजी केली होती, भाकरी जरा करपली म्हणाली. मग तिने मला विचारलं.