तफावतीला ‘विविधता’ म्हणू नका

प्रश्न असा आला आहे : उपचारांचं प्रमाण गावोगाव किती बदलतं हे मोजणारे अमेरिकी डॉक्टर जॉन वेनबर्ग यांच्यावरच्या एका मराठी मजकुरात ‘अनवॉरंटेड व्हेरिएशन’ला, म्हणजे आजार किंवा रुग्णाची पसंती ह्यांपैकी कशानेच न उलगडणाऱ्या उपचारांतल्या फरकाला, ‘उपचारांतील अनावश्यक विविधता’ म्हटलं आहे, ते चालेल का?

नाही चालणार. ‘विविधता’ हा शब्द हल्ली दिसेल तिथे चिकटवतात आणि दर वेळी माझं डोकं उठतं. विविधता पिकांत असते, पोशाखांत असते. ती हवीहवीशी असते. वेनबर्गनी जे मोजलं ते कुणालाच नको असणार. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याचे त्यांनी रुग्णालयांनुसार १३ भाग पाडले. १९६९ साली टॉन्सिल काढण्याचं प्रमाण एका भागात दर १० हजार माणसांमागे १३, तर दुसऱ्यात १५१! पोरांचे घसे काही गावागणिक बदलत नाहीत. बदलत होतं ते डॉक्टरांचं मत. ॲलन गिटलसन यांच्यासोबत १९७३ मध्ये त्यांनी हे ‘सायन्स’ ह्या विज्ञान-नियतकालिकात छापलं आणि उरलेली कारकीर्द याच एका गोष्टीच्या मागे घालवली. ह्या गोष्टीला मराठीत नेमका शब्द आहे : तफावत.

‘फरक’ का नको? कारण फरक नुसता असतो, तफावत ‘आढळते’. भावाभावांच्या उंचीत फरक. गल्ला आणि वही जुळली नाही तर तफावत. तिथे कुणाला तरी जाब द्यावा लागतो.

आता खरी गंमत. तफावत अरबीतून फार्सीमार्गे आली. तिचा धातू ‘फ-व-त’ : हातून निसटणं, निघून जाणं. ह्याच धातूचा दुसरा शब्द आपल्या तलाठ्याच्या टेबलावर रोज असतो : फौत, म्हणजे मयत. आजोबा गेल्यावर वारसनोंदीला गेलो, तेव्हा फेरफारात ‘फौत’ लिहिलेलं पाहिलं आणि त्याच दिवशी त्याच टेबलावर ऐकलं की मोजणीच्या आणि सातबाऱ्याच्या क्षेत्रात तफावत आहे. सख्ख्या बहिणी आहेत हे तेव्हा माहीत नव्हतं. एकीत माणूस निसटतो, दुसरीत दोन आकडे एकमेकांच्या हातून निसटतात. कुराणाच्या ६७व्या सूरेत, परमेश्वराच्या निर्मितीत तुला ‘तफावुत’ दिसणार नाही, असं म्हटलंय. तिथे अर्थ विसंगती, उणीव असाच आहे. म्हणून माझं ठाम मत : मराठी तफावतीला जो संशयाचा वास आहे तो आपल्या हिशेबनिसांनी लावलेला नाही, तो मुळातलाच आहे.

‘तफावत परकी, भेद म्हणा’ असं सांगणारे भाषाशुद्धीवाले मला मुळीच पटत नाहीत. १९२५ साली फार्सी-मराठी कोश देणारे माधवराव पटवर्धन (कवी माधव जूलियन) पुढे त्याच गोटात गेले, ह्याचं मला आजही वाईट वाटतं. ‘भेद’मध्ये जाब विचारण्याची ताकद कुठे आहे?

राहिलं ‘अनावश्यक’. तेही चूकच. वेनबर्गच्या मोजणीत नको तिथे जास्त शस्त्रक्रिया होत्या, तशी हवी ती सेवा न मिळणारी माणसंही होती. त्याला अनावश्यक कसं म्हणणार? आजारामुळे किंवा रुग्णाच्या स्वतःच्या पसंतीमुळे पडणारा फरक त्यांना मान्यच होता. एखादी बाई विचार करून शस्त्रक्रिया नाकारते, दुसरी स्वीकारते. तिथे खुशाल ‘विविधता’ लिहा. ज्या फरकाला ह्यातलं कुठलंच कारण नाही, तो अवाजवी. ‘वाजवी’ म्हणजे अरबी ‘वाजिब’, त्याला आपण संस्कृतातला ‘अ’ बेधडक जोडला आणि शब्द झकास चालला. तेव्हा ‘उपचारांतील अवाजवी तफावत’ लिहा. आणि तफावत स्त्रीलिंगी आहे : ‘मोठा तफावत’ परवाच एका बातमीत वाचला.