पुनर्विकासाच्या तोंडावर अंडरमाउंट सिंक बसवावं का?

नमस्कार ताई,

डोंबिवलीतलं तुमचं घर तीस वर्षांचं. सिंकच्या कडेतून पाणी झिरपून खालची ट्रॉली फुगली आहे, म्हणून ओट्याचा ग्रॅनाइट बदलून अंडरमाउंट, म्हणजे दगडाला खालून जोडलेलं सिंक बसवायचा विचार आहे. सिंक ११,५००, ग्रॅनाइट कटिंग-मोल्डिंगसह २४,०००, तोडफोड आणि प्लंबिंग ७,५००, असे एकूण ४३,००० रुपये. दुकानदार नऊ महिन्यांचा ‘नो कॉस्ट ईएमआय’ देतो आहे. पत्राच्या अगदी शेवटी तुम्ही लिहिलंय की सोसायटीने पुनर्विकासासाठी सल्लागार नेमला आहे. माझा सगळा निर्णय त्या ओळीवर ठरतो.

ओटा आत्ता फोडू नका. गळती मात्र याच आठवड्यात थांबवा.

तुमची इच्छा मला अवाजवी वाटत नाही. ओट्यावरचं पाणी, भाजीची देठं एका फडक्यासरशी थेट सिंकमध्ये जातात, वरच्या काठाशी काळं साचत नाही. दोन्ही वेळचा स्वयंपाक करणाऱ्या बाईला ही सोय हवीशी वाटणारच. इमारत अजून दहा वर्षं राहणार असती, तर मी बिनदिक्कत ‘करा’ म्हटलं असतं, कारण तेव्हा खर्च महिन्याला ३५८ रुपये पडला असता. तीन वर्षांत घर रिकामं करावं लागलं तर तोच ११९४ होतो. सिंक एक वेळ काढून नेता येईल. ग्रॅनाइट आणि मजुरीचे ३१,५०० मात्र राडारोड्यात जातील.

तुमची बचत दीड लाख आणि घरखर्च महिना ४२,०००. म्हणजे हाताशी साडेतीन महिन्यांची सोय आहे, ती अडीच महिन्यांवर येईल. यजमानांची नोकरी खासगी आहे, त्यामुळे मला ही रक्कम सहा महिन्यांच्या खर्चाएवढी हवी. शिवाय घर सोडायची वेळ आली की भाडं विकासक देतो, पण नव्या जागेची अनामत रक्कम बरेचदा आपल्यालाच भरावी लागते. त्या वेळी रोकड लागेल.

ईएमआयचं म्हणाल तर शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सुनावलं आहे. व्याज कुठल्या तरी रूपात वसूल होतं: न मिळालेली सूट, प्रोसेसिंग फी, व्याजावरचा १८ टक्के जीएसटी. दुकानदाराला रोखीचा भाव विचारा, फरक लगेच कळेल.

आता गळती. जुन्या ओट्यांत सिंकच्या कडेला पांढरं सिमेंट भरलेलं असतं, ते तडकतं. ते खरवडून, जागा पूर्ण कोरडी करून सिलिकॉन भरून घ्या आणि वेस्ट कपलिंग (सिंकच्या तळाशी पाइप जोडणारा भाग), पाइप नवे घ्या. सिंकच सडलं असेल तर त्याच कटआउटमध्ये, म्हणजे दगडात कापलेल्या जागेत, वरून बसणारं ३०४ ग्रेडच्या (सहसा न गंजणाऱ्या) स्टीलचं घ्या. जुन्याच दगडाला खालून अंडरमाउंट लावून देतो, असं कुणी म्हणालं तर सावध राहा. कटआउट भांड्यापेक्षा मोठं असेल तर ते बसतच नाही, आणि बसलं तरी आतली उघडी कड पॉलिश करावी लागते.

तुम्ही पाठवलेल्या अंदाजपत्रकात आणखी एक गोष्ट खटकली: सिंकला खालून आधार कुठेच धरलेला नाही. मोठ्या सिंकमध्ये पन्नास लिटरच्या आसपास पाणी मावू शकतं. पन्नास किलो वजन आणि वर कुकर-कढया, हे नुसत्या सिलिकॉनच्या भरवशावर सोडायचं नसतं. पुढे कधीही बसवलंत तर खाली ब्रॅकेट किंवा फ्रेम मागून घ्या.

दीड वर्षात विकासक निवडला गेला नाही तर मला पुन्हा लिहा, तेव्हा गणित नव्याने मांडू. निवडला गेलाच, तर करारनाम्याला जोडलेल्या सुविधांच्या यादीत फक्त ‘स्टील सिंक’ लिहिलेलं चालवून घेऊ नका. मसुदा सभेपुढे येईल तेव्हा ‘३०४ ग्रेडचं अंडरमाउंट सिंक, खालून आधारासह’ असं लेखी सुचवा आणि त्या पत्राची पोच घ्या.