थोरियम पाण्यात का आढळत नाही?

प्रश्न : खडकांमध्ये थोरियम या किरणोत्सर्गी मूलद्रव्याचे प्रमाण युरेनियमच्या तीन-चार पट असते, असे वाचले. तरीही भूजलाच्या तपासणी अहवालात युरेनियमचा आकडा असतो आणि थोरियमपुढे मात्र ‘आढळले नाही’ अशी नोंद असते. थोरियम पाण्यात मुळीच विरघळत नाही, असे समजावे काय?

उत्तर : ‘मुळीच नाही’ म्हणता येणार नाही, मात्र ते अतिशय कमी विरघळते, हे खरे. भूकवचाच्या वरच्या थरात दशलक्ष भागांमागे थोरियम सुमारे 10 भाग, तर युरेनियम 3 भागांहून थोडे कमी असते. पाण्यात हे प्रमाण उलटे होते ते मुख्यतः संयुजेमुळे. ऑक्सिजनयुक्त पाण्यात युरेनियम सहा संयुजेच्या अवस्थेत जाते आणि कार्बोनेटशी संयोग पावून सहज वाहू लागते. थोरियमला नैसर्गिक पाण्यात चार ही एकच संयुजा असते. चार धनभार असलेला त्याचा आयन पाण्याच्या रेणूंना इतके घट्ट ओढतो की, सामू (पीएच) 3 च्या आसपास, म्हणजे पाणी बरेच आम्लधर्मी असतानाच, त्याचे हायड्रॉक्साइड बनू लागते. उदासीन पाण्यात या हायड्रॉक्साइडचा ताजा, अस्फटिकी अवक्षेपसुद्धा लिटरमागे एक मायक्रोग्रॅमपेक्षा कमीच विरघळतो. त्यातच बरेचसे थोरियम मोनाझाइट आणि झिरकॉन या चिवट खनिजांत अडकलेले असल्यामुळे खडक झिजून माती झाली तरी ते त्या कणांतच राहते, आणि जे थोडेफार सुटते ते चिकणमाती व लोह-मँगनीजची ऑक्साइडे यांच्या पृष्ठभागावर लगेच अधिशोषित होते, म्हणजे चिकटून बसते.

तथापि, ‘विरघळत नाही’ याचा अर्थ ‘जागचे हलत नाही’ असा घेतला जातो, तो मला बरोबर वाटत नाही. कुजलेल्या पालापाचोळ्यातून येणारी ह्युमिक व फुल्विक आम्ले थोरियमला घट्ट धरून ठेवतात, त्यामुळे दलदलीच्या तपकिरी पाण्यात ते स्वच्छ झऱ्यापेक्षा अधिक मिळते. ब्राझीलमधील मोरो दो फेरो या टेकडीत सुमारे 30 हजार टन थोरियम आहे. तिथल्या ओढ्यात जे अत्यल्प थोरियम उतरते, तेही बहुतांशी अशाच सेंद्रिय द्रव्याला बांधलेले असते. आम्लधर्मी खाणपाण्यात सल्फेट आणि कॅलिफोर्नियातील मोनो लेकसारख्या अतिअल्कधर्मी सरोवरात कार्बोनेट हेच काम करते.

अहवालातील नोंद वाचताना नमुना कसा हाताळला होता, हेही विचारावे. सामान्यतः पाणी 0.45 मायक्रोमीटरच्या गाळणीतून गाळून मग त्यात नायट्रिक आम्ल घालतात. आम्ल आधी घातले, तर गढूळपणातील कणांना चिकटलेले थोरियम सुटून आकडा फुगतो. ते घातलेच नाही, तर थोरियम बाटलीच्या भिंतीला चिकटते आणि आकडा खोटाच कमी येतो. शिवाय गाळणीतून पार झालेले सगळे विरघळलेलेच असते असेही नाही, कारण त्याहून सूक्ष्म कलिल कणही (पाण्यात न विरघळता तरंगत राहणारे कण) तिच्यातून निसटतात.

आरोग्याच्या दृष्टीने मात्र थोरियम-232 (निसर्गातील थोरियमचे मुख्य रूप) पेक्षा त्याच्या किरणोत्सर्गी क्षयातून तयार होणाऱ्या रेडियम-228 कडे अधिक लक्ष द्यावे. त्याचे अर्धायुष्य सुमारे पावणेसहा वर्षांचे असून त्याला दोनच धनभार असल्यामुळे खाऱ्या किंवा आम्लधर्मी भूजलात ते खडकातून सुटून पाण्याबरोबर येऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी सुचविलेली मार्गदर्शक पातळी थोरियम-232 साठी लिटरमागे 1 बेकेरेल (किरणोत्सर्ग मोजण्याचे एकक), म्हणजे सुमारे 250 मायक्रोग्रॅम आहे. नैसर्गिक गोड्या पाण्यात सहसा 1 मायक्रोग्रॅमही नसते. रेडियम-228 साठी हीच पातळी 0.1 बेकेरेल आहे. म्हणून थोरियमयुक्त खडकाच्या प्रदेशात अहवालावर ‘थोरियम आढळले नाही’ असे असले, तरी रेडियमची चाचणी स्वतंत्रपणे करून घ्यावी.

प्रश्न : मातीतील थोरियम पिकांत उतरते काय?

उत्तर : फारच थोडे. मुळांपर्यंत पोहोचलेले थोरियमही बहुतेक मुळांतच अडकते, आणि पानांच्या विश्लेषणात जे दिसते त्यातील मोठा वाटा पानांवर बसलेल्या धुळीचा असतो. म्हणून पाने नीट धुतल्याशिवाय केलेल्या मोजणीवर विसंबू नये.