जोगेन मंडलांचं नाव निघालं आणि आजोबा उठून गेले

प्रश्न : सर, मी चामोर्शी तालुक्यातला. आमच्याकडे पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांची गावं आहेत. माझा एक मित्र त्यांच्यातलाच, नमशूद्र या बंगाली दलित समाजाचा. सध्या मोबाइलवर एक मेसेज फिरतोय : जोगेंद्रनाथ मंडल नावाचा दलित नेता जिनांच्या नादी लागून पाकिस्तानात गेला, मंत्री झाला आणि तीन वर्षांत जीव मुठीत घेऊन परत आला. मी तो मित्राच्या आजोबांना वाचून दाखवला, तर ते एक शब्द न बोलता खाटेवरून उठून आत गेले. हा माणूस नेमका कोण? आणि एवढा शिकलेला असून तिकडे गेला कसा?
– एक वाचक, जि. गडचिरोली

उत्तर : मेसेजमध्ये खरं आहे तेवढं आधी मान्य करू. मंडल मुस्लिम लीगबरोबर गेले, पाकिस्तानचे पहिले कायदा आणि कामगार मंत्री झाले आणि ८ ऑक्टोबर १९५०ला राजीनामा देऊन भारतात राहिले. फक्त ते ‘तिकडे गेला’ जरा जपून वापरा. मंडल बरिशाल जिल्ह्यातले, जन्म १९०४चा. फाळणीत तो जिल्हा सगळाच पूर्व बंगालात गेला. मंत्रिपदासाठी ते कराचीला गेले हे खरं, पण त्यांचं गाव आणि मतदार होते तिथेच होते.

आता माझी एक कबुली. सत्तावीस वर्षं मी कॉलेजात आधुनिक भारत शिकवला. दरवर्षी फळ्यावर एक ओळ लिहायचो : ‘१९४६ – डॉ. आंबेडकर बंगाल प्रांतातून घटना समितीवर.’ एका वर्षी मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, “सर, बंगालात त्यांना मतं दिली कोणी? तिथं आपले लोक कुठं होते?” मी म्हणालो, पुढच्या तासाला सांगतो. मास्तर असं कधी म्हणतो, ते तुम्हाला ठाऊक असेलच. मंडल मला त्या मुलामुळे भेटले.

घटना समितीचे सदस्य प्रांतांच्या विधानसभांमधले आमदार निवडत होते. मुंबई प्रांतात काँग्रेसचं राज्य, त्यामुळे बाबासाहेबांना तिथून वाट नव्हती. बंगालात त्यांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा आमदार मोजून एक, तो म्हणजे मंडल. निवडून यायला पाचेक आमदारांची पहिली पसंती लागत होती. मंडलांनी इतर पक्षांतले आणि अपक्ष दलित आमदार एकेक करून गाठले आणि ती जमवली. पुढे बंगालची फाळणी झाली, ती जागा गेली आणि बाबासाहेब मुंबईतून पुन्हा निवडून आले. तोवर समितीत त्यांचा जम बसला होता. महाराष्ट्रात हे किती जणांना सांगितलं जातं? मीच सांगत नव्हतो.

आता लीगकडे वळू. मंडल वकील होते. १९३७च्या निवडणुकीत राखीव नसलेल्या जागेवरून, अपक्ष म्हणून, त्यांनी काँग्रेसचा वजनदार उमेदवार पाडला. सुरुवातीला ते सुभाषचंद्र आणि शरदचंद्र या बोस बंधूंच्या जवळचे. १९४३मध्ये मात्र एकवीस दलित आमदार बरोबर घेऊन त्यांनी बंगालातल्या ख्वाजा नझिमुद्दीन यांच्या लीग मंत्रिमंडळाला पाठिंबा दिला. त्याच्या अटी ठरलेल्या होत्या : मंत्रिमंडळात तीन दलित मंत्री, दलितांच्या शिक्षणाला दरवर्षी पाच लाख रुपये आणि नोकऱ्यांत ठरलेला वाटा. हिशेब शेताच्या बांधावरचा होता. पूर्व बंगालात नमशूद्र कूळ आणि मुसलमान कूळ एकाच चिखलात राबायचे. जमीनदार आणि सावकार बहुतेक सवर्ण हिंदू. मग दोन कुळांनी एकत्र यायला हरकत काय, असा मंडलांचा सवाल होता. तेव्हाच्या बरिशालमध्ये उभं राहून पाहिलं, तर मला तो वेडगळ वाटत नाही.

ऑक्टोबर १९४६मध्ये लीग दिल्लीच्या हंगामी सरकारात शिरली. पाच जागांपैकी एक जिनांनी मंडलांना दिली, खातं कायद्याचं. काँग्रेसने स्वतःच्या वाट्यातून एक मुसलमान मंत्री नेमला होता, त्याला हा शह होता. त्या डावात आपण सोंगटी आहोत हे मंडलांना कळत नसेल, असं मी मानत नाही. गंमत अशी, की दिल्लीतलं जे खातं ते सोडून गेले, तेच स्वातंत्र्यानंतर बाबासाहेबांकडे आलं. दोन्ही देशांचे पहिले कायदामंत्री दलित, आणि दोघांनीही मुदतीआधीच राजीनामे दिले : मंडलांनी १९५०मध्ये, बाबासाहेबांनी १९५१मध्ये.

बंगालची फाळणी होऊ नये म्हणून मंडल अखेरपर्यंत बोलत राहिले. तरी ती झालीच. ऑगस्ट १९४७मध्ये कराचीत पाकिस्तानची घटना समिती पहिल्यांदा बसली, तेव्हा हंगामी अध्यक्षाच्या खुर्चीत मंडल होते. ११ तारखेला जिना अध्यक्ष झाले आणि कोणाचा धर्म काय याच्याशी राज्याला कर्तव्य नाही, अशा अर्थाचं ते प्रसिद्ध भाषण झालं. मंडलांनी त्यावर विश्वास ठेवला. तेरा महिन्यांनी जिना वारले.

तुमच्या मेसेजमधला मजकूर निघालाय तो मंडलांनी पाकिस्तानचे पंतप्रधान लियाकत अलींना लिहिलेल्या राजीनाम्याच्या पत्रातून. पत्र लांबलचक आहे. फिरवणारे त्याची शेपटी फिरवतात. सुरुवात १९४३पासून आहे, वरच्या अटी तिथेच लिहिल्यात. मग एकेक जागा येते. खुलना जिल्ह्यातलं कालशिरा हे गाव वाचा. डिसेंबर १९४९मध्ये पोलीस तिथे कम्युनिस्टांना शोधायला गेले, झटापटीत एक शिपाई मेला, आणि नंतर पोलीस आणि सैन्य गावावर तुटून पडलं. २८ फेब्रुवारी १९५०ला मंडल स्वतः तिथे गेले. पोलीसप्रमुखाच्या देखत त्यांना सांगण्यात आलं, की गावात ३५० घरं होती, त्यातली तीन उभी आहेत. गाव नमशूद्रांचं. म्हणजे ज्यांच्या नावावर मंडलांनी राजकारण केलं त्यांचंच, आणि त्या वेळी हा माणूस त्या देशाच्या केंद्रीय मंत्रिमंडळात होता! फेब्रुवारीत ढाका, बरिशाल दंगलींनी पेटलं. पत्रात त्यांनी पूर्व बंगालातल्या मृतांचा अंदाज दहा हजारांच्या आसपास दिलाय. एप्रिलमध्ये अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचा नेहरू-लियाकत करार झाला. तो कागदावरच राहिला असं ठरवून ऑक्टोबरमध्ये त्यांनी पत्र धाडलं.

कोलकात्यात त्यांना कोणी हार घातले नाहीत. ‘जोगेन अली मोल्ला’ म्हणून टवाळी झाली. निवडणुका लढवल्या, सगळ्या हरले. निर्वासितांच्या छावण्यांत मात्र फिरत राहिले. सरकार निर्वासितांना बंगालबाहेर, मध्य भारतातल्या दंडकारण्याच्या जंगलात धाडायला निघालं तेव्हा त्यांनी विरोध केला, आंदोलनात उतरले. ५ ऑक्टोबर १९६८ला, सीमेजवळच्या बनगावात ते वारले.

तुमच्या भागातली बंगाली गावं वसली ती साठच्या दशकात. म्हणजे मित्राचे आजोबा ज्या जंगलात आणून सोडले गेले, तसल्याच जंगलात आपल्या माणसांना नेऊ नका म्हणून हा माणूस भांडत होता. आजोबा का उठून गेले, ते इथे बसून मी कसं सांगू? राग असेल. १९४७मध्ये ‘इथेच थांबा’ या मंडलांच्या शब्दावर त्यांचा बाप थांबला असेल आणि पुढे सगळं सोडावं लागलं असेल. किंवा तो मेसेज त्यांना आपल्या माणसाची टिंगल वाटली असेल.

मेसेज परत वाचून दाखवू नका. आजोबांना त्यांचा जिल्हा विचारा. बरिशाल म्हणाले तर नदी कोणती ते विचारा, आणि खुलना म्हणाले तर कालशिरा तिथून किती लांब. मग मला पुन्हा लिहा.