बाबांच्या आजारपणाचं मुलाखतीत सांगू का?

"मॅडम, एकच सांगा. बाबांचं सांगू की लपवू?"

मुक्ता अजून नीट बसलीही नव्हती. जून महिना, दादरला नुकतीच सर येऊन गेलेली, तिची छत्री दारात ठिबकत होती. अमेरिकेतल्या एका रुग्णालयात ती इंटर्नल मेडिसिनची रेसिडेन्सी, म्हणजे आपल्या एमडीसारखं प्रशिक्षण, करत होती. तीनपैकी दोन वर्षं संपत आली होती आणि पंधरा दिवसांच्या सुट्टीवर ती काळाचौकीला आईकडे आली होती. जुलैत तिला हिमॅटॉलॉजी-ऑन्कॉलॉजी, म्हणजे रक्तविकार आणि कर्करोग या जोडशाखेच्या फेलोशिपसाठी, म्हणजे त्यापुढच्या विशेष प्रशिक्षणासाठी, अर्ज करायचा होता. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. लिहायला तिची आणि तिच्या आईची परवानगी आहे.)

इंटर्नशिप संपली त्याच महिन्यात तिच्या वडिलांना ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, निघाला. ती घरी थांबली. पुढचे चौदा महिने, ते जाईपर्यंत आणि त्यानंतर काही काळ, ती दुसरं काहीच करू शकली नाही. अर्जात ते चौदा महिने कोरे दिसत होते. एका सीनियरने तिला बजावलं होतं, "घरचं बोलू नकोस, कच्ची वाटशील. 'परीक्षेची तयारी' असं लिहून टाक." पैसे घेऊन अर्ज तपासून देणाऱ्या एका सल्लागाराने नेमकं उलट सांगितलं होतं: वडिलांचा मृत्यू पहिल्याच ओळीत घाल, वाचणारा तिथेच थांबतो.

मुलाखतीची तयारी करून घ्यायला माझ्याकडे येणाऱ्यांत वर्षाकाठी तीन-चार तरुण डॉक्टर तरी हाच प्रश्न घेऊन येतात. कुणाची आई स्तनाच्या कर्करोगाने गेलेली, कुणाच्या धाकट्या भावाला थॅलेसेमिया. हीच शाखा का निवडली, याचं खरं उत्तर त्यांच्या घरातच असतं आणि नेमकं तेच उत्तर घशात अडकतं.

आपल्या मुलांना या प्रश्नाची सवयही नसते. इथे एमडीनंतर क्लिनिकल हिमॅटॉलॉजी किंवा मेडिकल ऑन्कॉलॉजीच्या डीएमला, म्हणजे एमडीच्या वरच्या पदवीला, जायचं तर २०१७ पासून, एम्ससारख्या काही संस्था सोडल्या तर, नीट-एसएस ही एकच प्रवेश परीक्षा आहे. गुण, रँक, रँकप्रमाणे जागा. दहावीपासून तिथपर्यंत कुणी समोर बसवून "तुला हेच का करायचंय?" असं विचारलेलं नसतं. मग डीएमनंतर बोन मॅरो ट्रान्सप्लांटची फेलोशिप करायला कॅनडा-इंग्लंडला जाणारे असोत, की मुक्तासारखे आधीच अमेरिकेत असलेले, मुलाखत म्हणजे तोंडी परीक्षा असं समजून ते पाठांतराला बसतात.

अमेरिकेतली पद्धत थोडक्यात सांगते. अर्ज जुलैत ऑनलाइन जातात. सोबत शिफारसपत्रं असतात, त्यात आपल्या रेसिडेन्सीच्या प्रमुखाचं, म्हणजे प्रोग्रॅम डायरेक्टरचं, पत्र बहुतेक सगळीकडे लागतंच. मुलाखती साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर, आणि २०२० नंतर बहुतेक व्हिडिओवर. मग उमेदवाराने आपली पसंतीची यादी भरायची, फेलोशिप देणाऱ्या रुग्णालयांच्या कार्यक्रमांनी त्यांची, आणि डिसेंबरच्या सुरुवातीला 'मॅच'चा, म्हणजे या दोन याद्यांच्या जुळणीचा, निकाल. फेलोशिप तीन वर्षांची.

त्या दिवशी मी तिला म्हटलं, "मी परीक्षक आहे असं समज आणि बोल." ल्युकेमियाच्या नव्या वर्गीकरणापासून सुरुवात करून ती अस्खलित बोलली. रेसिडेन्सीत तिने केलेल्या प्रकल्पाबद्दलही छान सांगितलं. केमोनंतर पांढऱ्या पेशींचा काउंट पडलेला असताना रुग्णाला ताप आला, तर तो दारात आल्यापासून तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. त्यांच्या रुग्णालयात याला जास्त वेळ लागत होता, तो तिने आणि दोन नर्सेसनी मिळून कमी करून दाखवला होता. मी विचारलं, "हाच विषय का घेतलास?" मुक्ताने समोरचा ग्लास उचलून तोंडाला लावला. तो रिकामा होता. तसाच खाली ठेवला.

"बाबा तापातच गेले," ती म्हणाली. "मी घरात होते. डॉक्टर होते. मी सकाळपर्यंत थांबले."

सांगू की लपवू हा प्रश्न मी तिथेच बाजूला ठेवला. मुलाखतीची तयारी करून घ्यायला आलेल्या माणसाच्या मनात अशी रात्र निघाली, तर आधी त्या रात्रीकडे बघावं लागतं. ती तशीच ठेवून वर कितीही छान उत्तरं बसवली, तरी कुठल्या तरी निरुपद्रवी प्रश्नाला ती वर येतेच. 'तुमच्या हातून झालेली एखादी चूक सांगा' हा तर तिथल्या मुलाखतीतला नेहमीचा प्रश्न.

"तुझी काही चूक नव्हती," असं मी तिला म्हटलं नाही. तिला ते आधी पन्नास जणांनी म्हटलं होतं आणि त्या पन्नास जणांपैकी कुणालाही त्या रात्री काय झालं ते माहीत नव्हतं. मी तिला ती रात्र घड्याळाच्या वेळांसकट लिहून आणायला सांगितली, केसपेपरवर नोंदी करतात तशी. ताप किती वाजता किती, कोण काय बोललं, कोण कुठे बसलं होतं. आणि लिहिताना आईलाही विचार, असं मुद्दाम सांगितलं.

पुढच्या भेटीला आईही आली. मुक्ताच्या कागदावर ११:४० ला १००.८ अशी पहिली नोंद होती. १२:३० ला पुन्हा ताप पाहिला. २ वाजता पुन्हा. मग पहाटे ५:१० ला थंडी वाजून आली आणि ते रुग्णालयात निघाले. बाराच्या सुमाराच्या ओळीत तिने लिहिलं होतं, 'मी काही केलं नाही.'

आईने चष्मा लावून कागद वाचला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे काय लिहिलंयस? तू खाली जाऊन टॅक्सी थांबवली होतीस. हे दारापर्यंत आले, चप्पल घातली, आणि काढून ठेवली. म्हणाले, मागच्या वेळी सहा तास बाकावर बसवलं होतं, मी सकाळीच जाणार. तू रडलीस. टॅक्सीवाल्याला पन्नास रुपये देऊन परत पाठवायला मी खाली गेले होते."

मुक्ता आईकडे बघत राहिली. तिला टॅक्सी आठवत नव्हती. गेली चार वर्षं ती ज्या रात्रीचा जाब स्वतःला विचारत होती, त्या रात्रीतून वडिलांचा 'नको' गळून पडला होता आणि उरलं ते सगळं तिने आपल्या एकटीच्या नावावर लिहून घेतलं होतं.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ती म्हणाली, "तरी मी त्यांना ओढून न्यायला हवं होतं." आई म्हणाली, "त्यांना कुणी ओढलंय का कधी, बाई!" त्या रात्रीच गेलो असतो तर बाबा वाचले असते का, याचा निवाडा आम्ही तिघींपैकी कुणी केला नाही. पण त्या खोलीत दोष पहिल्यांदा एका माणसाच्या खांद्यावरून खाली उतरून टेबलावर आला. त्यात तिचा वाटा होता, बाबांच्या हट्टाचा होता, त्या बाकावरच्या सहा तासांचा होता.

निघताना आईने पिशवीतून एक शंभर पानी वही काढली. "ही पण बघा. हिने चौदा महिने काही केलं नाही म्हणते ना."

वहीत प्लेटलेट देणाऱ्यांची यादी होती. बाबांना सारख्या प्लेटलेट, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशी, लागायच्या आणि प्लेटलेट साठवून ठेवता येत नाहीत, पाचेक दिवसच टिकतात. एका माणसाकडून मशीनवर काढलेल्या प्लेटलेट, ज्याला रुग्णालयात सगळे एसडीपी (सिंगल डोनर प्लेटलेट) म्हणतात, त्या द्यायला तास-दीड तास बसावं लागतं. गणेशोत्सव मंडळाची पोरं, बाबांच्या गिरणीतल्या जुन्या सोबत्यांचे मुलगे, बेस्टचा एक कंडक्टर, अशी एकोणचाळीस नावं. प्रत्येकापुढे रक्तगट, फोन, मागच्या वेळी कधी दिलं, कुणाची रात्रपाळी कधी, कोण सुई बघून घाबरतो म्हणून त्याच्याबरोबर कुणी तरी जायचं. दोनदा देण्यात निदान ४८ तासांचं अंतर हवं, म्हणून लाल पेनाने तारखा. शेवटच्या दहा-बारा पानांवरची नावं बाबांसाठी नव्हतीच. शेजारच्या खाटेवरच्या साताऱ्याच्या एका बाईंचं मुंबईत कुणी नव्हतं, त्यांच्यासाठी तिने याच मुलांना पाठवलं होतं.

मी वही मिटून तिच्यापुढे ठेवली. "मुलाखतीत गॅपबद्दल विचारलं तर याबद्दल सांग."

आता सांगू की लपवू याचं उत्तर देते, कारण हे वाचणाऱ्या कित्येकांना तेच हवं असेल. लपवू नका. 'परीक्षेची तयारी' हे खोटं एकदा लिहिलं की मुलाखतभर त्याची राखण करावी लागते. शिवाय अर्जातली माहिती खरी आहे, असं आपण लेखी देतो. पण मृत्यू पहिल्या ओळीत सजवूनही मांडू नका. त्या सल्लागाराचा मला अजून राग येतो. बापाचं जाणं हे वाचणाऱ्याला अडकवण्याचं साधन नव्हे, आणि लिहिणाऱ्याला हे आतून कळत असतं, म्हणून तर बोलताना त्याचा आवाज फाटतो. समोरचे लोक स्वतः रोज कर्करोगाचे रुग्ण बघणारे डॉक्टर असतात. घरातल्या मृत्यूने ते दचकत नाहीत. त्या अनुभवानंतर तुम्ही काय केलंत आणि तसाच रुग्ण समोर आला तर तुमचा हात थरथरेल का, एवढं त्यांना बघायचं असतं. त्यामुळे आजारपण एका वाक्यात, आणि तुम्ही केलेलं काम चार वाक्यांत.

हे वाक्य मी मुक्ताला आधी मराठीत बोलायला लावलं. इंग्रजीत ती कुणाची तरी शब्दसंपत्ती वापरत होती. मराठीत ती पहिल्याच खेपेला म्हणाली, "बाबांना ल्युकेमिया होता, चौदा महिने मी घरी होते, आणि केमोच्या पेशंटचा रात्रीचा ताप सकाळपर्यंत थांबत नाही हे मी घरात शिकले." मग वही, मग तासाभरात अँटिबायोटिकचा प्रकल्प. इंग्रजी तिचं तिने केलं, मी हात लावला नाही.

पुढच्या गाठी व्हिडिओवर झाल्या. तिच्या रविवारी रात्रीचे आठ म्हणजे माझ्या सोमवारी सकाळचे साडेसहा. पहिल्या दोन मुलाखतींत ती अडखळली. एकीत डोळ्यांत पाणी आलं, तर थांबली, "एक मिनिट," म्हणाली आणि पुढे बोलली. ठरवलं होतं तसंच. थांबणं चालतं. रडू येऊ नये म्हणून धावत सुटलेलं बोलणं ऐकणाऱ्याला जास्त अवघड करतं. तिसऱ्या मुलाखतीत एका वयस्कर डॉक्टरांनी वहीवरच पुष्कळ वेळ घालवला. सुई बघून घाबरणाऱ्याबरोबर कोण जायचं, हे त्यांनी विचारलं. "आई जायची," तिने सांगितलं.

एकदा तिला विचारलं गेलं की आम्हाला यादीत कितवा नंबर देणार. मॅचच्या नियमांत हा प्रश्न बसत नाही. बाकी कुठे मुलाखती दिल्या, लग्नाचं-मुलांचं काय, हेही विचारायचं नसतं. "तुमचा कार्यक्रम मला मनापासून आवडला, यादी मी सगळ्या मुलाखती झाल्यावर करेन," एवढं म्हणून तिने विषय बदलला. नोव्हेंबरात यादी भरताना मात्र ती पुन्हा हिशेब करायला लागली: मोठं नाव वर ठेवलं आणि त्यांनी नाही घेतलं तर खालची जागाही जाईल का? जात नाही. ही जुळणी उमेदवाराच्या पसंतीपासून सुरू होते, आणि वर धाडसाचं नाव लिहिल्याने खालच्या नावाची संधी कमी होत नाही. यामागच्या सिद्धांतासाठी ॲल्विन रॉथ आणि लॉइड शॅप्ली यांना २०१२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मी तिला एवढंच म्हटलं, खरोखर जिथे जायचंय ते वर लिही.

आईला वेगळीच काळजी होती. अमेरिकेच्या जे-१ या प्रशिक्षणाच्या व्हिसावर शिकलेल्या डॉक्टरला शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं किंवा त्यातून सूट मिळवावी लागते, हे मुक्ताने सांगितल्यापासून त्या मला दोनदा विचारून गेल्या, "म्हणजे येईल ना हो परत?" मी म्हटलं, ते तिलाच विचारा, आणि फोनवर नको, ती पुढच्या वेळी घरी आली की विचारा.

निकाल आपल्याकडे रात्री साडेदहाला लागतो. पावणेअकराला आईचा फोन आला.

"मिळालं हो. तिसऱ्या नंबरचं. बर्फ फार पडतो म्हणे तिकडे." मग थोडं थांबून, "ती म्हणतेय ती वही पाठव. कुरिअरने पाठवू का? वाटेत भिजली तर?"

मी म्हटलं, आधी सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवा, मग दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घाला. "फोटो मला नाही काढता यायचे," त्या म्हणाल्या, "मंडळातल्या पोराला बोलावते. त्याचा नंबर वहीत असेलच."