एकादशीचे मीठ आणि रोजचे मीठ

चि. सई हिस अनेक आशीर्वाद.

आषाढी एकादशीला आजीने साबुदाण्याच्या उसळीत रोजच्या बरणीतले पांढरे मीठ न घालता वेगळ्या डबीतले गुलाबी मीठ का घातले, आणि नागपूरजवळ समुद्र नसताना ही दोन्ही मिठे येतात तरी कुठून, असे तू विचारले आहेस. दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून एकत्रच लिहितो.

रोजचे मीठ समुद्राचे. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यांतला तीन चतुर्थांशाहून अधिक भाग आपण खातो त्या मिठाचा असतो. उरण, पेण, वसई या भागांतल्या मिठागरांत भरतीचे पाणी बांध घालून अडवतात आणि उथळ वाफ्यांतून एकातून दुसऱ्यात असे पुढे पुढे नेतात. ऊन आणि वारा पाणी उडवून नेतात, पण क्षार मागे राहतात. ते सगळे एकदम खाली बसत नाहीत, आणि मीठ करण्याची सारी कला यातच आहे. पाणी आटत असताना आधी चुना आणि जिप्सम तळाला बसते. पाणी मूळच्या सुमारे एक दशांश उरले की मिठाचे खडे धरू लागतात. आणि शेवटी जे कडू पाणी राहते त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात, म्हणून ते वेळीच काढून टाकावे लागते. ते राहिले तर मीठ कडवट होते आणि पावसाळ्यात पाझरते. मिठागरातला जाणता माणूस पाणी कोणत्या वाफ्यात केव्हा सोडायचे हे ठरवतो, आणि जमलेले मीठ लाकडी फावड्याने ओढून ढीग घालतो. दिवाळीनंतर सुरू झालेले हे काम पहिल्या पावसाबरोबर थांबते.

देशातले तीन चतुर्थांशाहून अधिक मीठ मात्र गुजरातेत होते. कच्छच्या छोट्या रणात अगरिया लोक जमिनीखालचे खारे पाणी उपसून वाफ्यांत सोडतात. ते समुद्राच्या पाण्यापेक्षाही कितीतरी खारट असते. अनवाणी पायांनी वाफे तुडवून ज्यांच्या पायांच्या कातडीला कायमचे घट्टे पडतात, त्या माणसांच्या कष्टांवर आपली भाजी चवदार होते, हे तुला माहीत असावे असे मला मनापासून वाटते.

नागपूरला रेल्वे १८६७ साली आली. त्याआधी किनाऱ्यावरचे मीठ बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून घाट चढून वऱ्हाडात आणि पुढे नागपूरकडे येत असे, आणि परतीच्या वाटेवर तेच बैल धान्य आणि कापूस नेत. विदर्भात खारे पाणी अगदीच नाही असेही नाही. पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात विहिरींचे पाणी खारट लागते, आणि १९३० साली मिठाच्या कायद्याविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला तेव्हा समुद्र शेकडो कोस दूर असूनही अकोला जिल्ह्यातल्या दहिहंडा येथे लोकांनी तेच पाणी आटवून मीठ केले.

आता आजीच्या डबीतले गुलाबी मीठ. ते सैंधव, म्हणजे शेंदेलोण, खाणीतले मीठ. पाकिस्तानातल्या पंजाबात खेवडा येथे त्याचे डोंगर आहेत आणि आपल्याकडे हिमाचलातल्या मंडी भागातही ते सापडते. ५० कोटी वर्षांहूनही पूर्वी आटलेल्या समुद्राचे थर तिथे दगड होऊन बसले आहेत, आणि लोहाच्या अंशामुळे त्यांना गुलाबी छटा आलेली आहे. म्हणजे आजीच्या दोन्ही बरण्यांत समुद्रच आहे. एका बरणीतला गेल्या हंगामातला आणि दुसरीतला माणूस जन्मण्याच्याही कितीतरी आधीचा. आयुर्वेदाने सगळ्या मिठांत सैंधव श्रेष्ठ मानले, आणि जे खाणीतून निघाले तसेच फोडून वाटले जाते, ज्यात कारखान्यात काही मिसळलेले नाही, ते उपासाला चालते अशी समजूत घराघरांत रुजली. आपल्याच नात्यातल्या काही घरांत एकादशीला रोजचेच मीठ घालतात, आणि त्यांचा उपास त्यामुळे कमी ठरत नाही. इथे जर्मनीत, मी राहतो त्या गावाजवळ हाइलब्रॉनला जमिनीखाली सुमारे २०० मीटरवर अशीच खाण आहे, आणि या देशात हिवाळ्यात रस्त्यांवर टाकतात तेही बहुतेक असले खाणीतलेच मीठ असते.

आजी सैंधव फक्त उपासापुरते ठेवते, ही गोष्ट मला फार योग्य वाटते. रोजच्या पिशवीतल्या मिठात आयोडीन मिसळलेले असते, आणि २००६ पासून भारतात खाण्यासाठी आयोडीनविरहित साधे मीठ विकायला कायद्याने बंदी आहे. आयोडीन कमी पडले तर गळ्याला गलगंड होतो आणि गर्भातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. समुद्रातल्या मासळीत ते असते, पण आपल्या घरी मासळी शिजत नाही, त्यामुळे रोजच्या वरणभाजीतले मीठच ते आपल्याला पुरवते. शेजारच्या काकू बाराही महिने गुलाबी मीठ वापरावे म्हणतात असे तू लिहिले आहेस. हे कारण त्यांना नीट समजावून सांगायला आजीला सांग.

तुझा,
बाबा