पैसे स्टुडिओचे, मग सॉफ्टवेअर कुणाचं?

प्रश्न : आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. चेहऱ्यावरचे हावभाव टिपणारं आमचं सॉफ्टवेअर आम्ही एका स्टुडिओच्या अ‍ॅनिमेशनपटासाठी वाढवून दिलं. कागद म्हणाल तर दोन पानी सामंजस्य करार, त्यात मालकीबद्दल अवाक्षर नाही. आता दुसरा भाग ते दुसरीकडून करून घेणार आहेत. ‘पैसे आम्ही दिले, सोर्स कोड (सॉफ्टवेअरची मूळ लिखित आज्ञावली) द्या’ म्हणतात आणि मागच्या तारखेचा मालकी हस्तांतरणाचा करार सहीला पाठवलाय. काय करू?

उत्तर : सही करू नका. मागची तारीख घालून तर मुळीच नको.

कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे चित्रपटाचा कर्ता निर्माताच. त्यामुळे पडद्यावरच्या दृश्यांवर हक्क सांगायला जाऊ नका, तिथे तुमची बाजू लंगडी आहे. सॉफ्टवेअरची गोष्ट निराळी. कायदा त्याला साहित्यकृती मानतो. तुम्ही स्टुडिओच्या नोकरीत नव्हता, तेव्हा मोबदला घेतल्याने कोडची मालकी आपोआप जात नाही. कलम १९ नुसार ती द्यायची तर लेखी आणि सहीनिशी. हे त्यांच्या वकिलालाही ठाऊक असणार, एरवी हा कागद आला नसता!

मसुद्यात ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे शब्द शोधा. हस्तांतरणात मुदत लिहिली नसेल तर कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून हे शब्द आवर्जून घातले जातात.

तुमची अडचणही सांगतो. वाढीव कोड लिहायला स्टुडिओचे इंजिनियर बसले होते का? तसं असेल तर त्या भागापुरता संयुक्त मालकीचा दावा येऊ शकतो. मूळ कोड आधीचा होता हे दाखवणाऱ्या तारीखवार नोंदी आजच जपून ठेवा. पहिल्या चित्रपटापुरती वापराची परवानगी मात्र त्यांना होतीच, ती नाकारू नका.

भांडणापेक्षा दुसऱ्या भागासाठी वेगळा परवाना द्या, शुल्क घ्या, सोर्स कोड स्वतःकडे ठेवा. १९९१च्या करारात पिक्सार या अ‍ॅनिमेशन कंपनीने चित्रपट आणि पात्रं डिस्नेला दिली, पण रेंडरमॅन हे पडद्यावरची चित्रं तयार करणारं आपलं सॉफ्टवेअर राखलं आणि इतर स्टुडिओंनाही ते विकत राहिली. १९९७च्या नव्या करारात नफा निम्मा-निम्मा झाला.

स्टुडिओला उत्तर लेखीच द्या, ‘आमचे सर्व हक्क राखून’ असं नमूद करून. त्याआधी जुनी बिलं तुमच्या वकिलाला दाखवा. त्यांवर ‘सॉफ्टवेअर विक्री’ लिहिलंय की ‘सेवा शुल्क’, यावर स्टुडिओ बोट ठेवणार.